गळतीची वात

देवावर माझा राग होता, हे आधीच लिहून टाकतो. शाळा तिसरीपर्यंतच, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण खोटं लिहिणार नाही. मागच्या थंडीत झटका आला आणि डावा हात बधिर झाला. पाय शाबूत, तोंड तर भांडायला तयारच. ज्या हातानं आयुष्यभर भाकरी दिली, नेमका तोच नेला. म्हटलं, देवा, लई नेम धरून मारलंस.

मी गिटार वाजवतो. छातीशी धरून नव्हे, मांडीवर आडवं ठेवून. उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची. त्या कांडीला आम्ही बार म्हणतो. तरुणपणी गिरणीत होतो, तिथून लग्नाच्या बँडमध्ये आणि बँडमधून मुंबईला, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. पडद्यावर एखादी बाई खिडकीत एकटी उभी राहिली की मला बोलावणं यायचं. माझं नाव पडद्यावर कधी आलं नाही, मीही कधी मागितलं नाही. पुढं एकाच मशीनमधून सगळी वाद्यं वाजायला लागली, तेव्हा कुणी 'उद्यापासून येऊ नका' म्हणायच्या आत मीच सोलापूरला निघून आलो. बायको गेली. लेक बार्शीला दिली, ती 'राहायला या' म्हणते, मी जात नाही. घरात बोलणारं एक गिटारच होतं. झटक्यानंतर तेही गप्प झालं.

अशात मुंबईहून फोन आला. अमेरिकेतला एक वादक हिंदी सिनेमाला संगीत देणार होता. त्याची माणसं पिढ्यान् पिढ्या कापसाच्या शेतात राबलेली, त्यांची जुनी गाणी तो गिटारवर असाच सूर सरकवत वाजवायचा. माझा कुठलासा जुना तुकडा त्यानं ऐकला होता आणि त्याला माझ्यासोबत, माझ्याच घरी बसून वाजवायचं होतं. महिन्याभरानं येणार. "येऊ द्या की," म्हणालो. हाताचं सांगितलं नाही. फोन ठेवून बार उचलला, तर तो सटकून फरशीवर पडला. पुन्हा उचलला आणि दातओठ खाऊन आवळला. तारा मांजरासारख्या ओरडल्या.

आमच्या ग्रामदैवतानं, सिद्धरामानं, स्थापलेली गावात अन् गावाभोवती अडुसष्ट शिवलिंगं आहेत. भक्तमंडळी जमून त्यांचं दर्शन घेतात. मी एकटाच पायी निघालो, बार खिशात. लोक याला नवस म्हणतील. खरं म्हणजे धमकीच होती. सगळ्या दारांत येतो, हात दे, न्हाईतर पुन्हा तोंड बघणार नाही. रोज जमतील तेवढी लिंगं करायची आणि वाट कुणाला विचारायची नाही, हा माझा हट्ट. त्या हट्टापायी विणकरांच्या वस्तीतलं एक लिंग सापडेना. दोन दिवस त्याच गल्ल्यांतून फिरलो. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणी मान वर करून बघत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दमून एका अंगणाच्या उंबऱ्यावर बसलो. आत एक तेलुगू बाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती.

"आजोबा, परवा पण गेलात, काल पण गेलात. काय हरवलंय?"

"हरवलं काय न्हाई. लिंग शोधतोय."

"मग रस्त्याकडं काय बघताय? पाठीमागं बघा की."

लिंग तिच्याच अंगणात होतं, पाण्याच्या बॅरलशेजारी. वर गळती टांगलेली, म्हणजे बुडाला भोक असलेला तांब्याचा गडू. भोकात सुताची वात, तिच्यातून देवावर थेंब पडायचे. बाईनं पाण्याचा पेला दिला. मी मुद्दाम डाव्या हातानं घेतला आणि पाडला. तिनं हाताकडं पाहिलं, पण हळहळली नाही. म्हणाली, "गळती बंद पडलीय. माझे हात तंबाखूचे, देवाला कसे लावू? तेवढी वात बदलून द्या."

कुणी काम सांगून किती दिवस झाले होते! बधिर बोटांनी मी ती वात भोकात कोंबली, चांगली गच्च. पाणी ओतलं. आम्ही दोघं वर बघत राहिलो. एक थेंब नाही.

बाई हसायलाच लागली. "अय्यो! देवाचं पाणी तोडलात की! गच्च बसवायची न्हाई, आजोबा. वात नुसती ठेवायची. पाणी आपलं आपण येतंय."

नुसती ठेवायची. अहो, हेच मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो होतो, की बार दाबू नका, तारेवर नुसता ठेवा, त्याचं वजन पुरतं. हात गेला तसा मी स्वतः ते विसरलो होतो. वात सैल केली. थेंब फुगला, थरथरला, पडला. मी तिथंच बसून राहिलो.

ठरल्या दिवशी पाहुणा आला. धिप्पाड माणूस, तारांवरून सरकवायला बारऐवजी बोटात बाटलीची कापलेली मान. म्हटलं, दारूच्या बाटलीवर हा काय वाजवणार! पण मनातच. सोबत त्याचं बोलणं मराठीत सांगणारी बाई होती. गिटार मांडीवर घ्यायच्या आधी मी जन्मात न बोललेलं बोललो, "हात गेलाय माझा. होईल तेवढं करतो." त्यानं ऐकून घेतलं. बाईनं सांगितलं, "ते म्हणतात, तुम्ही निघा, मी मागनं येतो."

बार तारेवर ठेवला. आवळला नाही. सूर दोन पट्ट्यांच्या मधेच थरथर कापत राहिला, मुक्कामाला पोचेना. मला वाटलं, आता हा पाहुणा थांबेल. तो थांबला नाही. त्यानं आपलाही सूर तिथंच आणला आणि माझ्यासोबत कापत ठेवला. इतक्या वर्षांत माझ्या सुराला अशी सोबत कुणी दिली नव्हती.

संपल्यावर त्यानं काहीतरी विचारलं. बाई म्हणाली, "हा कापणारा सूर कुठं शिकलात, विचारतायत."

"बिड्या वळणाऱ्या बाईकडं," मी म्हणालो. तिला ती थट्टा वाटली.

पुढच्या सोमवारी त्या गल्लीत गेलो. देव माणसाच्या रूपात भेटल्याच्या गोष्टींत मागाहून ते घर सापडत नाही म्हणतात. मला सापडलं. "आले का पाणी तोडणारे आजोबा!" ती सूप बाजूला सारत म्हणाली. दर सोमवारी वात बदलायचं काम आता माझ्याकडं आहे. हात बधिरच आहे, घरात बोलणारं कुणी नाही, आणि त्या सिनेमात माझं नाव येईल की नाही ते मी विचारलेलं नाही. देवाला आता दम देत नाही. त्यानं जे दिलं ते माझ्या मागण्यात नव्हतंच.

मधेच राहिलेली लिंगं आता करतोय. वाट विचारत विचारत.