घड्याळावरची बाई

ज्याचा एक्स-रे निघत नाही, ते मी मानत नाही. अलिबागला माझा दातांचा दवाखाना आहे. खुर्चीत बसून भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पेशंटला मी सरळ ‘आ करा’ म्हणते... विषय संपतो. तरीही हे लिहितेय.

नागावला आमच्या नारळाच्या वाडीत दादाचा होमस्टे आहे. मुंबईच्या एका जुन्या सामानवाल्याकडून त्याने फ्रेंच घड्याळ आणलं. हातभर उंच, सोन्याचा मुलामा, वर बसलेली एक बाई – ओठ घट्ट मिटलेले. घड्याळ बंदच, पण गेस्ट त्याच्यासोबत फोटो काढायचे. ते रोज चमकवायचं काम वहिनीचं. चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी ती बाईच्या तोंडावर वाफ सोडायची आणि मऊ फडक्याने पुसायची.

आधी तिचे हात थरथरायला लागले. गेस्टसमोर चहा बशीत सांडला, तर दादा म्हणाला, “आमची ही व्हायब्रेशन मोडवर आहे.” सगळे हसले. वहिनीही हसली बिचारी.

मग दात. वरचे, एकेक करून, रक्ताचा थेंबही न येता तिच्या हातात यायला लागले. मी एक्स-रे काढला – हाड ठणठणीत! हिरड्या निरोगी! माझं डोकंच चालेना.

होमस्टेत उतरलेल्या कलेच्या एका प्राध्यापक बाईंनी सहज सांगितलं, की हे मुलाम्याचं काम फ्रान्समध्ये बादशाही होती तेव्हाचं. सोनं पाऱ्यात कालवून धातूवर लावायचे, मग तापवायचे. पारा धूर होऊन कारागिरांच्या छातीत जायचा. हात कापायचे, दात गळायचे, ऐन तरुणपणी मरायचे... आणि महाल झगमगायचे. मी लगेच वहिनीच्या रक्ताची तपासणी करून घेतली. पारा नव्हता. घड्याळातला तर तेव्हाच उडून गेलेला.

“दादा, विकून टाक ते.”

“वेडी आहेस का? गेस्ट त्याच्यासाठी येतात. दात काय, तू बसव की.”

वहिनीला म्हटलं, माझ्याकडे राहायला चल. “मी आल्यावर गेस्टचं जेवण कोण बघणार, वन्सं?” कवळीचं माप घेताना मात्र ती हळूच म्हणाली, “डावीकडचा वाकडा तसाच करा हो. माझ्या आईचाही तसाच होता.” तो दात शेजारच्या दातावर चढलेला होता.

“काही नको, सरळ कर,” दादा म्हणाला. “फोटोत बरे दिसतील.”

कवळी बसवायला मीच नागावला गेले. वहिनीने आरशात बघत डावीकडचा सरळ दात जिभेने चाचपला. मी नजर चुकवायला घड्याळाकडे बघितलं. बाईचे ओठ किंचित उघडे होते. आत वरचे दात, तांदळाच्या कणीएवढे. डावीकडचा एक शेजारच्यावर चढलेला. माझ्या मोबाइलमधल्या जुन्या फोटोत ओठ मिटलेलेच आहेत, कितीही झूम करा.

“पॉलिशने खुललंय,” दादा म्हणाला.

वहिनीने पुढे होऊन त्या इवल्याशा दातावरून बोट फिरवलं. मला रडू आवरेना.

कारण विचाराल तर मला आजही सांगता येत नाही. मी शिकले त्यात तरी ते नाही. परवा दादाने नवा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘बघ, दिवसेंदिवस कशी छान हसतेय.’ बाईचं तोंड आणखी थोडं उघडलं होतं. मी घाईघाईने वहिनीला फोन लावला.

“वन्सं,” ती म्हणाली, “खालचा एक हलायला लागलाय.”