अक्कानं धाडलेलं कुंकू
पितळी करंडा उघडला की कुंकवाच्या वासासरशी निजामाच्या वेळची हैद्राबादेतली ती तिमजली इमारत आठवते. दाजी तिथं वरच्या मजल्यावर राहायचे. आळंदची बायको, म्हणजे माझी अक्का, वारली असं सांगून त्यांनी घरमालकाच्या लेकीशी सोयरीक जुळवली होती. हे कळल्यावर मी अक्काचा करंडा घेऊन निघाले. अंधारा जिना, पायऱ्यांवर घागरी, शेगड्यांचा धूर, एकेका खोलीत आठ-आठ माणसं. भांडायला आलेलीला इमारतीतल्यांनी हाकललं असतं, पण कुंकू घेऊन आलेलीला कोणती सवाशीण दारातून परत लावील? मी खालच्या खोलीपासून सुरुवात केली. "कुणाचं गं कुंकू?" घरमालकिणीनं विचारलं. "वरच्या दाजींच्या बायकोनं धाडलंय. बरी हाय, परवाच ज्वारीची कणसं खुडायलती." तिच्या कपाळाला जरा जास्तच लावलं. एकही खोली सोडली नाही. दाजींचं दार शेवटी ठेवलं. "तू कामून आलीस?" ते पुटपुटले. माझ्यामागं जिना भरून बायका उभ्या होत्या, सगळ्यांची कपाळं लाल. सोयरीक तिथंच मोडली. आज इतक्या वर्षांनी एकच हळहळ वाटते. करंडा तिथंच रिकामा झाला, न्हाईतर शेजारची इमारतही मी सोडली नसती.