आधी हात ओले करा

"आधी हात ओले करा." मासा गळाला लागला की साहेब हे पहिलं वाक्य बोलायचे. कोणाच्या गळाला लागलाय, किती मोठा आहे, ते सगळं नंतर. स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत समुद्रात बुडवायचे आणि मगच माशाला हात लावायचे. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि सोडला तरी तो रोग लागून मरतो, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं होतं की मला झोपेत विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं.

नाव सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं. नाशिकचे, कुवेतला मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर, फिंतासला आमच्या वरच्याच फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. मुलीच्या शाळेपायी बायको नाशिकलाच. माझा नवरा त्याच रिफायनरीत कंत्राटदाराकडे पाइपिंग सुपरवायझर, म्हणून तो त्यांना साहेब म्हणायचा आणि मग मीही म्हणायला लागले.

आता गंमत ऐका. हा माणूस शुद्ध शाकाहारी! अंडंसुद्धा नाही. आणि दर शुक्रवारी समुद्रावर मासे धरायला हजर. कंपनीतल्या एका कॅनडावाल्यानं त्यांना हे वेड लावलं होतं. त्याच्या गावाकडे म्हणे नदीतला ट्राउट मासा समुद्रात जातो, परत येतो, आणि लोक त्याला पिसांच्या खोट्या माशीनं पकडतात आणि सोडून देतात. तो मायदेशी परतला तेव्हा रॉड साहेबांना देऊन गेला. तसल्या खोट्या माश्या साहेब स्वतः बांधायचे, आमच्या जेवणाच्या टेबलावर. कोंबड्याचं पीस, बकरीचे केस, आणि मग हळूच, "वहिनी, जरीचा एक धागा मिळेल?" माझ्या लग्नातल्या शालूचा पदर त्या माणसानं कुवेतच्या माशांना दाखवून संपवला. शिवाय गळाचं उलटं टोक पक्कडीनं चेपून टाकायचे, म्हणजे सोडवताना माशाला दुखायला नको.

आम्ही दोघं मालवणकडची. आमच्या घरात मासा ही खेळायची वस्तू नव्हे. नवरा दर शुक्रवारी वाद घालायचा. "मासो धरतत तो खावक. खावचो नाय तर त्येका कित्याक सतावतास?"

"खायचा तर खा की. पण लहान आणि पोटुशी सोडून द्या," साहेब म्हणायचे. "एवढा एकच नियम पाळा."

"पोटुशी सोडूची? आणि गाबोळी खयसून खावची?"

मी खुर्चीत बसून हसायचे. कधी नवऱ्याची बाजू घ्यायचे, कधी साहेबांची. ज्याला राग जास्त येईल त्याच्या विरुद्ध. घरी आल्यावर मात्र तिघं एकत्रच जेवायचो, साहेबांना वाटाण्याची उसळ आणि आम्हाला मासा.

मग मला दिवस राहिले. तिसऱ्यांदा. आधी दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलं होतं, त्यामुळे घरात कोणी मोठ्यानं हसायलाही घाबरायचं. आणि सहाव्या महिन्यात मला डोहाळा लागला तो गाबोळीचा. दुसरं काही नको, नुसती माशाची अंडी, तव्यावर तांबूस भाजलेली. नवऱ्यानं बाजारातून आणली. बर्फातली. एक घास घेतला आणि थुंकून टाकली, रबर चावल्यासारखी लागली. गावाहून सासूबाई फोनवर एकच धोशा लावायच्या, डोहाळा राहता कामा नये, पोरावर येतं. मी शिकलेली बाई, पण दोन पोरं गमावलेल्या बाईला शिक्षण कितीसं पुरतं हो?

नवरा इरेला पेटला. तिथे शेम नावाचा मासा मिळतो, आमच्या पालूचा भाऊ म्हणा. त्या दिवसांत तो गाबोळीनं भरलेला असतो. एका शुक्रवारी दुपारी भरतीच्या वेळी नवऱ्याच्या दोरीला एक मासा लागला. दोरी ताणली, मासा दगडांच्या फटीत शिरला. दोरी तुटली की सगळं संपलं. साहेब स्वतःचा रॉड टाकून कमरेएवढ्या पाण्यात उतरले, दगडाशी वाकले, फटीतून दोरी सोडवली आणि मासा दोन्ही हातांनी वर काढला.

मोठी मादी होती. साहेबांनी गळ काढला आणि सवयीनं तिच्या पोटावर अंगठा दाबला. अंगठ्यावर तांबूस अंडी आली. मला किनाऱ्यावरून दिसली. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"आणा हय! बादलीत टाका!" नवरा ओरडला.

साहेब हलले नाहीत. मासा पाण्यात धरून नुसते उभे राहिले.

"पोटुशी आहे हो," ते म्हणाले.

"माजी बायको पण पोटुशी आसा, साहेब!"

नवऱ्याचा आवाज तसा मी कधी ऐकला नव्हता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी," एवढंच म्हणाले आणि हात उघडले. ती क्षणभर तिथेच राहिली, तिला कळलंच नसावं. मग गेली.

घरी आल्याबरोबर आमच्याकडे राहिलेला त्यांचा पिसांचा डबा नवऱ्यानं त्यांच्या दाराबाहेर नेऊन ठेवला. शुक्रवारची उसळ बंद झाली. वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा आणि माझं डोकं फिरायचं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस पोटातली हालचाल मंदावली. डॉक्टर म्हणाली ठोके आहेत, आराम करा. मी कसली आराम करतेय! परत येताना जिन्यात साहेब भेटले. बाजूला सरून उभे राहिले, मान खाली. मला राहवलं नाही. "तुमच्या माशाची पिल्लं जगतील हो," मी म्हटलं, "माझ्याचं काय?" आणि तिथेच पायरीवर बसून रडले. नवऱ्यानं मला धरून घरात नेलं. साहेब तिथेच उभे होते.

त्या शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात साहेब. हातात अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा. बाह्यांवर खवले चिकटलेले, तळव्यांना पंखाच्या काट्यांचे ओरखडे. आणि हात कोरडे. अगदी कोरडे, मिठानं पांढरे पडलेले. मी आधी तेच पाहिलं.

"घ्या वहिनी," ते म्हणाले. "लवकर मरत नव्हता. मला मारता येत नाही."

नवऱ्यानं मासा घेतला आणि ओट्यावर चिरला. तो पाठमोराच होता. मग म्हणाला, "साहेब, ह्यो नर आसा."

गाबोळी नव्हती. साहेब भिंतीला टेकून उभे राहिले.

"तुमी दाबून बगूक नाय?"

"नाही बघितलं," साहेब म्हणाले. "बघितलं असतं आणि अंडी आली असती, तर सोडूनच दिला असता."

नवऱ्यानं सुरी खाली ठेवली. हात धुतले, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा." मी तिरफळं घालून त्या माशाचं तिखलं केलं आणि सगळं खाल्लं, डोकं चोखून खाल्लं. साहेब समोर बसून वरणभात चिवडत होते, आणि मी घास घेतला की माझ्या तोंडाकडे बघायचे. देवाशपथ सांगते, त्यानंतर मला गाबोळी आठवली नाही.

साहेब पुन्हा कधी मासे धरायला गेले नाहीत. रॉड आमच्या बाल्कनीत आला आणि तिथेच राहिला. माझी मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी ते नाशिकला परत गेले, आणि पुढे काही वर्षांनी त्यांच्या मुलीचा फोन आला की बाबा गेले. आता फिंतासच्या शेजारी एगैलात मॉल उभे राहिलेत, समुद्रावर शुक्रवारी गर्दी असते. तिथे कोणी मासा ओढून वाळूत आपटला की मी तोंड फिरवते. लेक विचारते, "व्हॉट हॅपन्ड, आई?" मी काय सांगू तिला?

सांगायचं तर एवढंच आहे. ती जन्मली, धडधाकट, आणि दुसऱ्या दिवशी साहेब हॉस्पिटलात आले. दारातच उभे, हात पाठीमागे. "घ्या ना," मी म्हटलं.

"नको वहिनी. हे हात नकोत."

मला सगळं कळलं. मी खडसावूनच म्हटलं, "साहेब, आधी हात ओले करा."

ते मग कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात नळाखाली धरले. पुसले नाहीत. तसेच निथळते हात पुढे केले आणि मी लेक त्यांच्या ओंजळीत दिली. दुपट्यावर थेंब पडायला लागले, नर्स ओरडली, नवरा हसायला लागला. साहेबांनी तिला दोन्ही तळव्यांवर अलगद धरलं होतं, आवळून नाही, जसं पाण्यात धरायचे तसं.

"आता द्या इकडे," मी म्हटलं.

"थांबा हो वहिनी," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "हिला मी नाही सोडत एवढ्यात."