आत्याची राहिलेली उडी

गल्लीत अजून बोलतात, की २५ जून १९८३ला भारतानं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तेव्हा सगळे नाचले आणि शिलाईवाली आत्या तेवढी खांबासारखी उभी राहिली. तिला म्हणे आनंदच झाला नाही. साफ खोटं! तिच्या खोलीतला रेडिओ कुणी एरियलची तार उंच धरली तरच बोलायचा, आणि तार आत्याच्या हातात होती. शेवटचा गडी बाद झाला, ती उडी मारणार, तोच सगळे ओरडले, "हलू नकोस गं बाई! कप देतात ते ऐकायचंय!"

"ती उडी राहिलीच बघ," इतक्या वर्षांनी मशीनवर वाकलेली आत्या भाच्याला म्हणाली.

नकलाकार भाच्यानं संधी साधली. "आता कसली मारतेस? गुडघे कुरकुरतात तुझे! मारलीस तर महिनाभर बटणं मी लावीन. लाव पैज!"

नाक दाबून त्यानं रेडिओची खरखर काढली, मग समालोचकाचा घोगरा आवाज लावला. आत्या उठून उभी राहिली. तिचा हात आपोआप वर गेला.

"आणि हा... शेवटचा गडी बाद!"

आत्यानं नसलेली तार सोडून दिली आणि टुणकन उडी मारली.

"चल पोपटा," ती धापा टाकत म्हणाली, "सुईत दोरा ओव."