अपडेट नको म्हणणारी हिल्पा

हिल्पा रांतामो कॉफी उभ्यानेच प्यायची. काळं सॉसेज आणि लिंगनबेरीचा मुरंबा एकाच ताटलीत घ्यायची, पण एकमेकांना लागू द्यायची नाही. एक पेन्सिल कानामागे असताना दुसरी शोधत फिरायची. पडद्यावर कुठलाही प्रश्न उमटला की आधी ‘नाही’ दाबायची, मग प्रश्न वाचायची. गुरुवारी इमारतीच्या सौनातून, म्हणजे सामायिक वाफेच्या खोलीतून, बाहेर पडताना काहीतरी गुणगुणायची. तो नेहमी गाण्यातला खर्ज असायचा, वरची चाल कधीच नाही.

हे सगळं आता भूतकाळात बोलावं लागतं. नीलोची जीभ अजून अडखळते.

नीलो तिच्या वरच्या मजल्यावर राहतो. सव्वीस वर्षांचा, साहित्याचा पदवीधर, फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या ग्रंथालयात तात्पुरत्या नोकरीवर. ती बावन्न वर्षांची होती. हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी वसंतात रस्त्यावरून गोळा करणारं मोठं झाडूयंत्र ती चालवायची. त्याच्या केबिनमध्ये रुंद इलॅस्टिकने बांधलेला एक गेम कन्सोल असायचा. हातात मावणारा, कडा झिजून पांढरा पडलेला. त्यावर ती गेम खेळत नव्हती. गाणी ऐकायची, आणि तीही स्वतः लिहिलेल्या प्लेअरवर.

कन्सोलच्या कंपनीला हे मान्य नव्हतं. आमच्या शिक्क्याचेच प्रोग्राम चालतील, असा त्यांचा नियम. वीस वर्षांपूर्वी हिल्पाने आणि तिच्यासारख्या काहींनी त्या नियमात फट शोधली. कंपनीने ती बुजवली. यांनी दुसरी शोधली. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी कंपनीने ते यंत्र बनवणंच थांबवलं.

“म्हणजे मी जिंकले,” हिल्पा म्हणायची. “वस्तू मी विकत घेतली. तिने काय वाजवावं ते मी सांगणार.”

प्लेअर अगदी साधा. काळ्या पडद्यावर चार हिरव्या पट्ट्या, चार वाद्यांच्या. त्याच्या फायलींत आवाज भरलेला नसतो. कुठला सूर, केव्हा, किती जोरात, एवढंच लिहिलेलं असतं. यंत्र ते वाचतं आणि त्याच क्षणी वाजवतं. अशी सतरा गाणी हिल्पाने स्वतः रचली होती. वीस वर्षांत ती कुणालाही ऐकवली नव्हती.

मागच्या जुलैत तिने ठरवलं, ऐकवायची.

असल्या छंदाची माणसं दर उन्हाळ्यात एका शाळेच्या व्यायामशाळेत जमतात. आपापले संगणक आणि झोपायच्या पिशव्या घेऊन येतात, तीन दिवस राहतात. यार्क्को हा हिल्पाचा शाळेतला सोबती, मेळावा तोच भरवतो. त्याने तिला मंचावर वीस मिनिटं दिली. मग सोमवारी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

“अगं, सगळ्यांनी रेकॉर्डिंग आधीच पाठवायचं, असा नियम केलाय यंदा. तूही पाठव ना. एका बटणाचं काम.”

“मंचावर यंत्र वाजवेल.”

“लोकांना काय फरक कळणार आहे?”

“लोकांना नाही कळणार. मला कळेल.”

“आणि भर सभेत तुझं ते म्हातारं खेळणं बंद पडलं तर?”

“तू लग्नात नाचताना पडला होतास. लग्न मोडलं का?”

“मोडलं की. चार वर्षांनी.”

“ते काही नाचण्यामुळे नव्हे, यार्क्को.”

यार्क्कोने हात टेकले. “शनिवारी तीन वाजता. चाललं तर चाललं. नाही तर तुझी वीस मिनिटं दुसऱ्याला.”

मंगळवारी तिने कन्सोल नीलोच्या हातात दिला. सतरातली पाच निवड आणि क्रम लाव, म्हणाली. “तू पुस्तकांतला माणूस. कशानंतर काय यावं, ते तुला कळतं.” तिने तो आजवर कुणाच्या हातात दिला नव्हता.

नीलोने दोन दिवस ऐकलं. क्रम लावला. बुधवारी संध्याकाळी सहज म्हणून जुन्या बाजारातून आणलेली फुटबॉलच्या गेमची चकती त्यात घातली. पडद्यावर प्रश्न आला: या खेळासाठी नवी सिस्टिम लागेल, अपडेट करू? विचारलं की हो म्हणायचं, असं त्याला घरचं वळण. त्याने हो म्हटलं.

चार मिनिटांनी खेळ सुरू झाला. प्लेअर मात्र सुरू होईना; हिल्पाची फट नव्या सिस्टिमने बुजवली होती. त्याच्या जागी दोनच शब्द: खराब फाइल.

नीलो जिना उतरून खाली गेला.

“हिल्पा, माझ्याकडून चूक झाली.”

“पाण्यात पाडलंस?”

“नाही. अपडेट केलं.”

ती कप हातात धरून उभी होती. कप ओट्यावर ठेवला. “पाण्यात पाडलं असतंस तर वाळवता तरी आलं असतं.”

“माफ कर. खरंच. मी यार्क्कोला सांगतो. आपण संगणकावर रेकॉर्डिंग करून देऊन टाकू.”

“कविराज, आत्ताच एकदा हो म्हणून पाहिलंस ना? काय हाती लागलं?”

नीलोने कन्सोल कपाशेजारी ठेवला.

“रडू नकोस. उद्या चार वाजता ये. आणि ती चकती माझ्या घरात आणू नकोस.”

कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांकडे एक खास बॅटरी असायची. ती घातली की यंत्र काहीही न विचारता जागं व्हायचं आणि मेमरी कार्डावरची कुठलीही सिस्टिम मुकाट घ्यायचं, जुनीसुद्धा. ती बॅटरी बाजारात मिळत नाही. पण साधी बॅटरी उघडून आतल्या चिमुकल्या चिपचा एक ठरावीक पाय कापला, की यंत्र तिलाच खास बॅटरी समजतं. हिल्पाने पूर्वी अशी एक केली होती. ती फुगली, म्हणून फेकून दिली. आता घरात दोन जुन्या बॅटऱ्या होत्या.

गुरुवारी चार वाजता दोघं टेबलाशी बसली. हिल्पाने पहिलीचं कवच सुरीने उचकटलं. सुरी घसरली, आतली पट्टी फाटली. दुसरी अलगद उघडली. चिप तांदळाच्या कणीएवढी. तिने चष्मा पुसला, वाकली, पुन्हा पुसला.

“मला पाय दिसतच नाहीत. काप तू.”

“मी? हिल्पा, मी काल...”

“काल तू त्यांचं ऐकलंस. आज माझं ऐक. वरच्या रांगेतला डावीकडून दुसरा. श्वास सोड आणि काप.”

नीलोने कापला. तिने बॅटरी घातली, कार्ड घातलं. हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली, ओळीमागून ओळ.

“बघ,” हिल्पा म्हणाली. “दार लावून घेतलं होतं ना त्यांनी?” आणि उठून कॉफी करायला लागली.

शनिवारी तीन वाजता ती कामाच्या नारिंगी जाकिटातच मंचावर चढली. कन्सोलला साधी वायर लावली. मागून एक जण ओरडला, “ए आजी, गेम दाखव!”

“गेम घरी खेळ. इथे ऐक.”

पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात चारही वाद्यं एकदम आली आणि यंत्र अडखळलं, एक ठोका चुकला. सगळ्या सभागृहाला तो ऐकू आला. यार्क्कोने डोळे मिटले. हिल्पा माइककडे वाकली.

“ऐकलंत? अडखळलं. म्हणजे खरंच वाजवतंय.”

मग जो आरडाओरडा झाला, त्यात पुढची अर्धी ओळ बुडाली. तिने थांबून वाट पाहिली नाही. वीस मिनिटं पुरी झाल्यावर वायर काढली, खाली उतरली आणि सॉसेजच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या वर्षीच्या अर्जात यार्क्कोने छापलंय: रेकॉर्डिंग किंवा यंत्र.

पण त्या बुधवारचा धक्का तिच्या मनातून गेला नव्हता. “एकच यंत्र असलं तर एका माणसाची चूक पुरते,” ती म्हणाली. ऑगस्टभर बाजार धुंडाळून तिने तसलेच पाच कन्सोल जमवले. सगळे बंद पडलेले. एकेक उघडून दुरुस्त करायचा, जुनी सिस्टिम घालायची, प्लेअर आणि सतराही गाणी भरायची, आणि देऊन टाकायचा. पहिला यार्क्कोला. दुसरा झाडूयंत्रावरच्या जोडीदाराला. तिसरा, गेम दाखव म्हणून ओरडणाऱ्याचा पत्ता शोधून त्याला. चौथा नीलोला. पाचवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर अर्धवट होता.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी केबिनच्या पायऱ्या चढताना, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. गुरुवारी ती गेली.

तिचा भाऊ उत्तरेतल्या औलूहून घर रिकामं करायला आला. भला माणूस. स्वयंपाकघरातलं सगळं त्याने भंगाराच्या पेटीत भरलं. नीलोने ती पेटी त्याच्या हातातून काढून घेतली.

“अरे, मोडकं खेळणं आहे ते,” भाऊ म्हणाला. “काय करणार तू त्याचं?”

“ते मोडकं नाही. काम चालू आहे.”

पाचवा कन्सोल नीलोच्या टेबलावर उघडाच आहे. सात स्क्रू मुरंब्याच्या बरणीच्या झाकणात. सिस्टिम घालून झाली आहे, प्लेअर भरला आहे, सतरातली अकरा गाणी उतरली आहेत. हेडफोनची खाच तिने नवी बसवायला घेतली होती. डावीकडची तार डाग देऊन जोडलेली आहे. उजवीकडची सोलून, वाकवून ठेवली आहे. ती जोडायची राहिली आहे.