शिलाईसाठी सोडलेली जागा

शेलूबाजारात आमच्या किराणा दुकानाशेजारी शाहजादी भाभी ब्लाउज शिवतात. शाळा आठवीतच सुटलेली. शिवणवर्गात शिकवायला दहावी लागते, म्हणून औंदा त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकी सगळं जमलं, भूमिती अडली; ती मी शिकवायला घेतली. सहा सेंटिमीटरची बाजू काढायला सांगितली, की भाभींची रेघ हमखास पुढे जायची. कापड बेतताना शिलाईसाठी जास्तीचं सोडायची जन्माची सवय!

"भाभी, कागदाले काय शिलाई मारता?" मी चिडायची.

"हात आपोआप सरकते, त्रिशला. नापास होईन मी."

पेपरच्या आदल्या दुपारी त्रिकोण पहिल्यांदा नेमका आला. मी टाळी वाजवली. भाभी हसल्या नाहीत. त्यांनी मशीनवरून माझ्या ब्लाउजचं रेशमी कापड उचललं. भावाच्या लग्नासाठी टाकलेलं, सकाळीच कापलेलं. अगदी नेमक्या मापात. शिलाईसाठी बोटभरही जागा सोडली नव्हती.

मी ते त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं. "जाऊ द्या. उद्या पेपर हाय."

"पेपर तं होईन," भाभी स्वतःच्या हाताकडं पाहत म्हणाल्या, "पण हा हात वापस नाही आला, तं खाईन काय?"