आई पूर्णेतच होती… आणि चारठाण्यातही

आधीच सांगते, असल्या गोष्टी वाचून मी आजवर हसतच आले. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडायच्या आणि मी त्या बाईच्या बांगड्यांचं डिझाइन बघत बसायचे. बी.एस्सी. झालेली मुलगी, त्यात वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — रेल्वेत सिग्नलचं काम करून रिटायर झालेले. आमच्या घरी लाइट गेली तरी देवाच्या आधी फ्यूजकडे बघतात. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर मला राग येणार नाही. तुमच्या जागी मी पण हसलेच असते…

माझं माहेर पूर्णा. लग्न होऊन जिंतूरला गेले. स्थळ काय होतं म्हणून सांगू! उंचपुरा, स्वच्छ कपडे, बोलणं असं की समोरचा पाघळलाच पाहिजे. बैठकीच्या दिवशी माझ्या मावशीची चप्पल तुटली, तर हा नवरदेव उठून बाहेर गेला आणि चप्पल शिवून घेऊन आला. त्या एका चपलेवर आमचं सगळं घर खलास. मी पण… खोटं कशाला बोलू.

त्याचं नाव लिहीत नाही. केस चालू आहे. आई त्याला आता 'ते ध्यान' म्हणते.

सोलरच्या कंपनीत सुपरवायझर आहे, असं त्याने सांगितलं होतं. रोज सकाळी बूट चकाचक करून, मी दिलेला डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. पुढे कळलं की अशी काही नोकरी नव्हतीच. घर चालायचं ते गावाकडची शेती बटईने दिलेली होती त्यावर. साहेब दिवसभर बसस्टँडवर पेपर वाचायचे, माझा डबा खायचे आणि घरी आल्यावर माझ्याकडून पाय दाबून घ्यायचे! डब्याचं आठवलं की हसू येतं. पाय दाबलेले आठवले की मात्र येत नाही.

नोकरीचं खोटं हे तर काहीच नाही. माझ्या वस्तू हरवायला लागल्या. कुलपाची किल्ली तांदळाच्या डब्यात, चष्मा फ्रिजमध्ये. तोच शोधून द्यायचा आणि डोक्यावरून हात फिरवून म्हणायचा, "असू दे, होतं असं." मी स्वतःलाच कोसायचे. मग एक दिवस खालच्या घरमालकीण काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, औषधं वेळेवर घेतेस ना गं? कसली औषधं? तर याने सगळ्या गल्लीत सांगून ठेवलं होतं की बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय, जीव द्यायच्या गोष्टी करते, पण माझा तिच्यावर फार जीव आहे. अण्णांना फोन करून तर तो चक्क रडायचा.

एकदा मी न्हाणीतून बाहेर आले तर घरभर गॅसचा वास. शेगडीचं बटण उघडं. आणि हा बाहेर, खिडकीपाशी उभा राहून आत बघत होता. शांतपणे, जसं कुणी कॅरमचा डाव बघावा. माझी नजर त्याच्याकडे गेली त्या क्षणी ओरडत आत धावला, बटण बंद केलं, मला मिठी मारली, शेजार गोळा केला. मी अण्णांना फोनवर खरं ते सांगितलं. ते मलाच समजावत बसले. त्यांचा तरी काय दोष? माझ्या आधी त्याचा फोन जाऊन पोचला होता.

आता मुद्द्याचा दिवस.

पापड-कुरडयांचे दिवस होते. सकाळी हा एकदम खुशीत आला. मित्राची कार आणली होती. म्हणाला, तयार हो, चारठाण्याची जुनी देवळं बघू, मग तिकडून धरणावर जाऊ. ती जांभळी साडी नेस, फोटो चांगले येतात. माझा मोबाइल त्याने 'रिपेअरला' दिला होता, म्हणजे कुणाला कळवायचा प्रश्नच नव्हता. मलाच तेव्हा कळलं होतं तर दुसऱ्या कुणाला काय कळणार? हे एवढं लक्षात ठेवा. आणि मी खूश! किती दिवसांनी बाहेर पडत होते. येडीच की मी…

चारठाण्यात देवळं गावात घरांच्या गर्दीतच आहेत. कोरीव खांब, आणि त्याला लागून कुणाची तरी दोरीवर वाळत घातलेली धुणी. त्याने मला एका खांबाजवळ उभं केलं आणि फोटो काढायला लागला. "हस. अजून हस." मी हसत होते.

तेवढ्यात एक म्हातारी सरळ माझ्याकडे चालत आली. काटक, कपाळावर मोठं गोंदण. आली ती माझं मनगट धरूनच म्हणाली, "आलीस का माय? चल घरी."

मी हिला कधी पाहिलेलं नव्हतं. तो गोड हसून म्हणाला, मावशी, तुमची चूक होतेय. तर ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "तुजी माय सांगून गेली, जांभळ्या साडीत येईल म्हणली. सांज व्हईपस्तोर लेकीला सोडू नका, पाण्याकडं जाऊ देऊ नका म्हणली."

आणि मी निघाले तिच्यामागे. का, ते विचारू नका. आईचं नाव निघालं म्हणून असेल… तिने मनगट इतकं घट्ट धरलं होतं म्हणूनही असेल.

तिचं नाव केवळाबाई. घर देवळापासून जवळच. सून स्वयंपाक करत होती, ओसरीवर शेजारच्या दोघी-तिघी बसलेल्या. तो मागोमाग आलाच. आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार केला आणि आवाज उतरवून सांगायला लागला की हिला मेंदूचा आजार आहे, औषध चालू आहे, उशीर झाला तर झटका येतो. डोळ्यांत पाणी सुद्धा आणलं. बायका चुकचुकल्या. मला वाटलं, झालं, इथेही हाच जिंकला.

केवळाबाईंनी शांतपणे ताट घेतलं. "असू दे की," त्या म्हणाल्या. "डोकं बिगडलेलं असलं तरी पोट तर हाय का न्हाई? जेवून जाईल."

भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. मी जेवायला बसले. पहिल्यांदा त्याच्या बोलण्याचा कुणावर काही परिणाम झाला नव्हता, आणि मला त्याचा चेहरा दिसत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. रागावला नाही. चेहरा नुसता रिकामा झाला, टीव्ही बंद केल्यावर पडदा होतो तसा. माझ्याजवळ वाकून, जसं काही पाणी हवं का विचारतोय, तसा कानाशी बोलला, "आज नाही तर उद्या."

मग सरळ उभा राहिला, पुन्हा ते हसू चढवलं, केवळाबाईंच्या पाया पडला आणि पेट्रोल भरून येतो म्हणून गेला. तो आलाच नाही.

मग मी केवळाबाईंना विचारलं, आई आली होती म्हणता, दिसायला कशी होती? तर म्हणाल्या, बुटकी, अंगाने भरलेली, सकाळच्या पारी आली. सुनेच्या हातचा चहा पिऊन बशी पालथी घालून ठेवली. सूनही म्हणाली, हो, मीच दिला चहा. बशी पालथी घालायची सवय आमच्या आईचीच, त्यावरून लहानपणापासून आम्ही तिला चिडवत आलोय. पण केवळाबाईंनी आणखी एक सांगितलं. "अंगठ्याला हिरवी चिंधी बांधल्ती."

हे काही मला माहीत नव्हतं. मी सुनेच्या मोबाइलवरून घरी फोन लावला. आईनेच उचलला. मागे बायकांचा गलका.

"आई, तू इथून कधी परत गेलीस?"

"कुठून? अगं पापड लाटायले मी. सकाळधरून पाटावरून उठले न्हाई. आख्खी गल्ली हाय इथं."

मी विचारलं, तुझ्या अंगठ्याला काय झालंय?

"तुला कुणी सांगितलं? सकाळीच विळीवर कापला. पिठाला रक्त लागू न्हाई म्हणून चिंधी बांधली."

"कसल्या रंगाची?"

"हिरवी. का गं? अन् ह्यो नंबर कुणाचा हाय?"

मी तिथेच रडायला लागले. केवळाबाईंनी फोन काढून घेतला, आईला गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, पोरीला घेऊन जा. संध्याकाळपर्यंत अण्णा आणि मामा जीप घेऊन आले. वाटेत मी सगळं सांगितलं, अगदी गॅसचं सुद्धा पुन्हा सांगितलं. या वेळी अण्णांनी मला समजावलं नाही. पदराचं टोक धरून बसले होते माझ्या, लहान मुलासारखे.

दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला जिंतूरला गेलो, तेव्हा आधी कपडे घ्यायला घरी गेलो. मला जिन्यात बघून घरमालकीण काकूंनी जी किंकाळी फोडली! कारण आदल्या दिवशी याने रडत येऊन सांगितलं होतं की बायको हात सोडवून धरणाकडे पळाली, आता तिचं काही खरं नाही. मी केवळाबाईंच्या ओसरीवर दुसरी भाकरी खात होते तेव्हा आमच्या गल्लीत माझा शोक चालू होता. कुणी चहा आणून दिला होता त्याला, कुणी पिठलं-भाकरी. एकूण, या गोष्टीत भूत बघितलं असेल तर ते फक्त काकूंनी.

तो वरच होता. मला बघून क्षणभर सुद्धा दचकला नाही. "देव पावला," म्हणून धावत आला. मामाने त्याला तिथेच धरला.

बातमी पसरली आणि हिंगोलीकडचा एक माणूस पत्ता काढत पूर्णेला आमच्या घरी आला. त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या बहिणीचा फोटो होता. एका देवळासमोर उभी, नवी साडी, हसतेय. त्याच दुपारी ती कालव्यात 'पाय घसरून' गेली. तिचा नवरा म्हणजे हाच. आम्हाला त्याने पहिलं लग्न सांगितलंच नव्हतं. मी तो फोटो हातात घेतला. ते हसू मला ओळखीचं होतं. "अजून हस" म्हटल्यावर येतं ते.

मी त्या भावाला विचारलं, पण का? काय मिळालं त्याला? तो म्हणाला, त्यालाही हेच कळत नाही. एवढंच की ती गेल्यावर हा कितीतरी दिवस त्यांच्याच घरी राहिला. सगळे याला घास भरवायचे, मध्ये बसवायचे, आणि हा रडायचा. "ताई, त्याला ते लय आवडायचं," म्हणाला.

तिची जुनी फाइल पुन्हा उघडली. तो आत आहे.

हे सगळं जरा निवळल्यावर आई म्हणाली, मला त्या बाईला भेटायचंय. साडी, खण, नारळ, आणि भलं मोठं पापडांचं गाठोडं घेऊन आम्ही दोघी बसने चारठाण्याला गेलो. आई आयुष्यात पहिल्यांदा त्या गावात पाय टाकत होती. केवळाबाई दारातच होत्या. मी ओळख करून द्यायच्या आत आईला म्हणाल्या, "या. अंगठा बरा झाला का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बाई, मी इथं कधी आले न्हाई हो. झालं! केवळाबाईंना राग आला. "माज्या घरचा चहा पेलात अन् आता न्हाई म्हणायलात?" सून आतून येऊन शपथेवर सांगायला लागली. आई आपल्या गल्लीतल्या बायकांची साक्ष काढायला लागली. दोघींचं एवढं वाजलं की मी मध्ये पडले. शेवटी आईने हार मानली. "बरं माय, आले असंल," म्हणाली आणि पाटावर बसली. आता दोघी एकमेकींना आठवड्याला फोन करतात आणि माझ्याबद्दल मला न विचारता निर्णय घेतात.

अण्णांनी बरेच तर्क लढवले. आईसारखी दिसणारी दुसरी कुणी? मग चिंधीचं काय? त्याचा डाव ओळखून कुणी केवळाबाईंना सांगितलं? पण आम्ही चारठाण्याला जाणार हे मलाच सकाळी कळलं होतं, आणि जांभळी साडी तर निघताना नेसले. अण्णांनी आता हा विषय काढणं सोडलंय.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, आईचं काळीज, टेलिपथी, तिला आतून जाणवलं असणार. मला पण तसंच वाटायचं. म्हणून परतीच्या बसमध्ये मी आईला विचारलं होतं — त्या दिवशी सकाळी तुला काही जाणवलं का? जीव घाबरा झाला का? माझी काळजी वाटली का?

आईने प्रामाणिकपणे आठवून बघितलं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "खरं सांगू का? त्या दिवशी आमी बाया लय हसत होतो. तुजी आठवण सुद्धा आली नव्हती."